थोरलीला मिळालेला गाळा

किल्ली पर्समध्ये पडली, पण थोरलीचा जीव काही जागेवर येईना.

कोपऱ्यावरचा गाळा मिळाला होता. ज्या गाळ्यापायी, म्हणजे तसल्या कुठल्याही गाळ्यापायी, घरातल्या सगळ्यांनी चपला झिजवल्या होत्या, तो तिनं एका फेरीत पदरात पाडून घेतला होता. खरं तर नाचत घरी जायचं. पण ती बसस्टॉपवर थांबली नाही. पुढच्या स्टॉपवरही थांबली नाही. नुसती चालत सुटली. गाळ्याच्या मालकाचं बोलणं मागं टाकायला निघाली होती, आणि ते मेलं बरोबरच येत होतं.

गाळा होता मात्र झकास. पूर्वी तिथं बुटांचं दुकान होतं. भिंतींवर फळ्यांच्या खुणा होत्या, पुढं भलीमोठी काच, मागं पाण्याची लाइन. केसांच्या पार्लरला आणखी काय लागतं? आणि पार्लरची गरज तर अशी होती की विचारू नका. धाकटी जाऊ घरातल्या स्वयंपाकघरातच लोकांचे केस करायची. सिंकमध्ये डोकी धुवायची, स्टुलावर बसवून वेण्या घालायची. दाट, कुरळे, फणीचे दात मोडतील असे केस. त्या केसांना हात लावायला शहरातल्या निम्म्या पार्लरवाल्या नाक मुरडायच्या, त्यामुळे धाकटीकडे रीघ लागायची. सासूबाई पिठात सापडलेला केस सगळ्यांना दाखवत फिरायच्या आणि म्हणायच्या, "हिला दुकान घेऊन द्या रे, नाहीतर मला तरी दुसरं घर बघा."

घरात गोरी एकटी थोरली. सासरची सगळी काळी. सासऱ्यांचे वडील समुद्र ओलांडून इथं आले, त्यांच्यानंतरचे सगळे इथंच जन्मले, इथंच शिकले. तरी रस्त्यावरच्या माणसाला ते कालच बोटीतून उतरल्यासारखे वाटायचे. थोरलीनं त्या घरातल्या थोरल्या मुलाशी लग्न केलं तेव्हा माहेरच्यांनी तिचं नाव टाकलं. आई तेवढी अलीकडे दर रविवारी फोन करायला लागली होती. हवापाण्याचं विचारायची, गुडघ्याचं सांगायची. जावयाचं नाव मात्र तिच्या तोंडून कधी आलं नाही.

आणि आज हा मालक. साठीचा, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. त्यानं दिवे लावून दाखवले, नळ सोडून दाखवला. मग थोरलीचं ओळखपत्र पाहिलं. त्यावर अजून माहेरचंच आडनाव होतं.

"अरे! लोखंडी सामानवाल्यांच्या कोण तुम्ही?"

"पुतणी," थोरली म्हणाली. काकांनी आपलं तोंड पाहणं सोडलंय, हे सांगायची ती वेळ नव्हती.

"मग काय, घरच्याच की तुम्ही!" मालक खुलला. जरा जवळ सरकून म्हणाला, "खरं सांगू? तुमच्यासारखी माणसं आली की जिवाला बरं वाटतं. मागं एक बाई येऊन गेली. त्या लोकांतली. डोक्याला पिवळा रुमाल, हातात टेप. मी हो-नाही म्हणायच्या आत भिंती मोजायला लागली. सांगून टाकलं, गाळा गेला. एकदा का ती माणसं शिरली ना, की दुकानांची अख्खी ओळ बसते. तुम्हाला काय सांगायचं म्हणा. तुम्हाला कळतंच."

पिवळा रुमाल. सकाळीच थोरलीनं तो दोरीवर वाळत घातला होता.

आणि त्यावर ती काय म्हणाली? "हं," म्हणाली. धड होकार नाही, नकार नाही. घशातून नुसता आवाज निघाला. मग तिनं करारावर सही केली आणि किल्ली घेतली.

घरी पोचली तेव्हा सगळे दाराकडेच डोळे लावून बसलेले. किल्ली दिसताच दिरानं तिला उचलायचं तेवढं बाकी ठेवलं. सासूबाई म्हणाल्या, "बघा, मी म्हटलं नव्हतं? माझी थोरली जिथं जाईल तिथं काम फत्ते." नवरा नुसता हसत उभा होता. आणि धाकटी, डोक्याला तोच पिवळा रुमाल बांधलेली धाकटी, कागदावर चित्र काढायला बसली. खुर्च्या इथं, आरसे तिथं.

"बेसिन डाव्या भिंतीला घेऊ," ती दिराला, म्हणजे आपल्या नवऱ्याला, म्हणाली. "मागच्या पाण्याची लाइन डावीकडूनच येते."

थोरलीनं मान वर केली. लाइन कुठून येते ते तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं.

धाकटीच्याही ते लक्षात आलं. पेन्सिल थांबली.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं," थोरली म्हणाली. "हिला तिथून परत पाठवलं होतं, हे माहीत होतं. म्हणून मला पाठवलंत."

"आम्हाला वाटलं, तुलाही कळलं असेल," नवरा म्हणाला.

"मला कुठून कळणार? मला वाटलं, मी बोलायला बरी म्हणून पाठवताय!"

"बोलायला तू बरीच आहेस गं," सासूबाई म्हणाल्या. "पण उगाच डोक्यात राख घालून घेऊ नकोस. जे कुलूप, तशी किल्ली. आम्ही गेलो की गाळा गेलेला असतो, तू गेलीस की असतो. यात तुझा दोष नाही, आमचाही नाही."

"मग आधी सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर तुझ्या तोंडावर दिसलं असतं," नवरा म्हणाला. "तुझ्या पोटात काही राहतं का?"

राहतं, असं थोरलीच्या अगदी ओठांवर आलं. त्या क्षणीच राहिलं होतं. मालक काय बोलला आणि आपण काय म्हणालो, ते तिनं गिळलं आणि विचारलं, "आणि त्याला कळल्यावर?"

"करार झालाय," दीर म्हणाला. "कळू दे."

धाकटी एवढंच म्हणाली, "मला मागच्या खोलीत बसवू नका म्हणजे झालं. तसं असेल तर आपलं स्वयंपाकघर काय वाईट होतं?"

पुढचे दिवस कामात गेले. दीर नळकाम करणारा, त्यानं बेसिनं बसवली. नवऱ्यानं कुठूनशा जुन्या पार्लरच्या खुर्च्या आणल्या, सासूबाईंनी त्यांना नवी कव्हरं शिवली. सगळे घामाघूम आणि खुशीत. थोरलीचं मात्र एक लक्ष सारखं दाराकडे. रस्त्यावर कडक इस्त्रीचा शर्ट दिसतो का, ते बघायची. रंगाचा ब्रश हातात घ्यायची, दोन फटकारे मारायची, की पुन्हा काचेपाशी. "तुझ्या पायांना चाकं लागलीत का?" सासूबाई म्हणायच्या.

आणि मालक आला. नेमका त्या दिवशी दोघी जावाच तिथं होत्या. धाकटी शिडीवर चढून काच पुसत होती. मालकानं तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि थोरलीला म्हणाला, "वा! कामाला माणूस चांगलं मिळालंय. बाकी, यांच्यावर लक्ष ठेवावं लागतं हं."

धाकटी शिडीवरून उतरली. फडकं पिळलं, बादलीत टाकलं.

"मी कामाला नाही," ती म्हणाली. "पार्लर माझं आहे. ओळखलंत ना? भिंती मोजायच्या राहिल्या होत्या माझ्या."

मालकाचा चेहरा असा झाला, की एरवी थोरलीला हसू आवरलं नसतं. त्यानं धाकटीला उत्तर दिलं नाही. थोरलीला बोटानं खुणावून फुटपाथवर बोलावलं.

"ही कोण तुमची?"

"धाकटी जाऊ."

"जाऊ!" त्यानं तिच्याकडे नव्यानं पाहिलं. कपाळापासून चपलेपर्यंत. "म्हणजे तुम्ही... बाई, केसानं गळा कापलात की हो माझा."

"मी काय खोटं बोलले?" थोरली म्हणाली. "पार्लर म्हटलं, पार्लरच आहे. भाडं वेळेवर देऊ म्हटलं, देऊ."

"कुठल्या घरातल्या ते नाही सांगितलंत."

"तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही धरूनच चाललात."

मालक वळला. जाताना फक्त म्हणाला, "तुमच्या काकांना वाईट वाटेल."

पार्लर सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून गर्दी. पण गर्दीबरोबर एकेक शुक्लकाष्ठही मागं लागलं. आधी पाटी. मालकाचा मुनीम आला: पाटी फार मोठी आहे, काढा. शेजारच्या चष्मेवाल्याची पाटी हिच्या दुप्पट होती, तिच्याकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. मग वास येतो म्हणून. मग फुटपाथवर बायका उभ्या राहतात आणि मोठ्यानं हसतात म्हणून. "हसण्याला पण भाडं लावा म्हणावं," सासूबाई म्हणाल्या. मग एक दिवस गिऱ्हाइकाच्या डोक्याला साबण लावलेला असताना नळ फुसफुसला आणि पाणी बंद. मुनीम म्हणाला, दुरुस्ती चालू आहे. दीर इमारतीच्या मागं जाऊन बघून आला.

"कसली दुरुस्ती नि कसलं काय," तो म्हणाला. "आपल्या लाइनच्या व्हॉल्व्हला साखळी घालून कुलूप लावलंय. चष्मेवाल्याचं चालू आहे."

ते पाणी काही आलं नाही. दोघे भाऊ सकाळी कामावर जायच्या आधी घरून कॅन भरून आणायचे. धाकटी मगानं डोकी धुवायची. आणि तेवढ्यात नोटीस आली: तुमच्यामुळे आजूबाजूला त्रास होतो, गाळा रिकामा करा.

भाडेकरूंच्या तक्रारी ऐकायचं एक सरकारी कार्यालय होतं. सगळं घर तिथं गेलं. तिथल्या अधिकारी बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या टेबलावर फायलींचा डोंगर होता, आणि अशा गोष्टी त्यांनी रोजच ऐकल्या असाव्यात.

"ते म्हणतात त्रास होतो, तुम्ही म्हणता रंगामुळे काढतायत," त्या म्हणाल्या. "शंका मलाही येते. पण शंकेवर निकाल देता येत नाही. रंगाबद्दल ते कधी तोंडानं बोललेत? कुणासमोर?"

धाकटी म्हणाली, "मला फक्त 'गाळा गेला' म्हणाले. असली माणसं आमच्यासमोर कशाला बोलतील?"

मग थोरली खुर्चीत सावरून बसली.

"माझ्यासमोर बोललेत," ती म्हणाली.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावर 'हे कधी?' असा प्रश्न. धाकटी मात्र तिच्याकडे न बघता हातातल्या पर्सची चेन उघडत-मिटत राहिली.

"मग सुनावणीला मालकांसमोर तेच सांगावं लागेल," बाई म्हणाल्या. "सगळं. जसंच्या तसं."

त्या रविवारी फोन आला, पण आईचा नव्हता. काकांचा होता. इतक्या वर्षांनी आवाज ऐकला आणि थोरली वेडी क्षणभर हरखली.

"मालक माझा जुना स्नेही आहे," काका म्हणाले. "तू तिथं जाऊन काय बरळणार आहेस म्हणे. जा, बरळ. पण मग तुझ्या आईला आम्हा लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, एवढं लक्षात ठेव. बिचारी आत्ता कुठे सावरतेय."

फोन ठेवल्यावर थोरलीनं घरभर येरझाऱ्या घातल्या. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. घड्या घातलेले टॉवेल उलगडले आणि पुन्हा घड्या घातल्या. शेवटी तेच टॉवेल बगलेत मारून ती पार्लरकडे निघाली. सुट्टीचा दिवस असला तरी धाकटी तिथं असणार, हे तिला माहीत होतं. ती होतीच. फण्या साबणाच्या पाण्यात भिजत घातल्या होत्या आणि एकेक ब्रशनं घासत होती.

थोरलीनं टॉवेल कपाटात ठेवले. मग दुसरा ब्रश घेतला आणि समोर बसली.

"तुला तिथून हाकललं ते मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं. "रोज एका ताटात जेवतो आपण."

धाकटीनं फणी उजेडात धरून पाहिली. "काय सांगू ताई? मी सांगणार, मग तू 'अगंबाई!' म्हणणार. डोळ्यांत पाणी आणणार. मग मीच तुझी समजूत घालणार. त्या दिवशी माझ्यात तेवढी ताकद नव्हती."

थोरलीला हे फार लागलं. लागलं, कारण खरं होतं.

"आणि तू?" धाकटी म्हणाली. "तो तुला बोलला, ते तू आम्हाला का नाही सांगितलंस?"

"सांगेन," थोरली म्हणाली. "तिथंच सांगेन. तेव्हा तू पण ऐक. आत्ता विचारू नकोस."

धाकटीनं धुतलेली फणी पुसायला तिच्या हातात दिली.

सुनावणीची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. लांब टेबल, कडेला खुर्च्या, खिडकीबाहेर कुणाचा तरी वाळत घातलेला मॉप. मालक एका टोकाला वकिलाशेजारी बसला होता. थोरलीला पाहून तो ओळखीचं हसला, अजूनही घरचंच माणूस समजून.

थोरलीनं सांगायला सुरुवात केली. बुटांचं दुकान होतं तिथपासून. आडनाव, काका, 'घरच्याच की तुम्ही'. पिवळा रुमाल, टेप. 'गाळा गेला' म्हणून सांगितलं ते. 'ती माणसं शिरली की अख्खी ओळ बसते', हेही.

"खोटं!" मालक म्हणाला. "आणि मी असं बोललो असेन, तर यांनी त्याच वेळी हरकत का नाही घेतली?"

अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. "त्यावर तुम्ही काय म्हणालात?"

खोलीत एका बाजूला मालक होता, एका बाजूला नवरा, सासूबाई, दीर. थोरलीनं त्यांच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. ती धाकटीकडे बघून बोलली.

"मी 'हं' म्हणाले. तो हिच्याबद्दल बोलतोय हे मला कळलं होतं. तरी 'हं' म्हणाले आणि किल्ली घेतली. मला गाळा हवा होता."

सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. धाकटी हलली नाही. मालकाचा वकील उठला आणि घाईनं म्हणाला, बघा, या बाई स्वतःच कबूल करतायत. पण काय कबूल करतायत, हे बोलता बोलता त्याच्याच ध्यानात आलं असावं. कारण 'हं' म्हणायला आधी कुणीतरी काहीतरी बोललेलं असावं लागतं. तो अर्ध्यातच खाली बसला.

मग अधिकारी बाईंनी व्हॉल्व्हच्या कुलपाचं विचारलं, चष्मेवाल्याच्या पाटीचं विचारलं. मुनीम एक सांगायला लागला, मालक दुसरंच.

निकाल लागला तो ना धड विजयाचा, ना हरल्याचा. नोटीस रद्द झाली. कुलूप निघालं, पाणी आलं. पाटी राहिली. कराराची मुदत संपेपर्यंत त्यांना कुणी हलवू शकणार नव्हतं, पुढचं पुढं. मालकानं माफी मागितली नाही. समोरून येताना दिसला की तो रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथनं जायचा. "बरं झालं," सासूबाई म्हणाल्या, "तेवढाच त्याला व्यायाम."

दोघी जावांत त्यानंतर काय झालं, तर म्हटलं तर काहीच नाही. धाकटीनं ना गळ्यात गळा घातला, ना अबोला धरला. बसमधून परतताना ती थोरलीच्या शेजारी बसली आणि खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी असते तर मीही 'हं' म्हणाले असते का, ते बघत होते." काय उत्तर सापडलं ते थोरलीनं विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून काम पूर्वीसारखं. फक्त थोरली आता गल्ल्यामागं बसेना. धाकटीनं तिला डोकी धुवायला शिकवलं. सुरुवातीला तिची बोटं त्या केसांत अडकायची आणि गिऱ्हाइकं हसत ओरडायची.

रविवार येत होते, जात होते. फोन वाजत नव्हता. थोरली तो खिशात ठेवायची, मग काढून आरशाखालच्या फळीवर ठेवायची, मग पुन्हा खिशात. आई राहायची काकांच्याच घरी; स्वतः करावा, तर काका उचलतील. नवरा म्हणाला, "चल, जाऊन येऊ आपण." ती म्हणाली, "दार नाही उघडलं तर?" तो म्हणाला, "मग परत येऊ. मला सवय आहे." दोघंही हसले, पण ती गेली नाही.

असंच एकदा भर दुपारी ती मागं पाणी तापवायला ठेवून पुढं आली, तर धाकटी काचेतून बाहेर बघत होती. हातातली वेणी अर्धवट.

"ताई, तुझी आई कशी दिसते गं?"

"का?"

"एक बाई मघापासून चष्मेवाल्याच्या काचेपाशी उभी होती. चष्मे काही बघत नव्हती, आपली पाटी वाचत होती. चालणं अगदी तुझं. डावा गुडघा जरा धरलेला. मी हात करून 'या' म्हटलं, तर..."

थोरलीनं पुढचं ऐकलंच नाही. ओल्या हातांनी दार ढकलून ती फुटपाथवर आली. चष्मेवाला दारात उभा राहून कान खाजवत होता. कोपऱ्यापर्यंत धावली. सिग्नलपाशी माणसांचा पुंजका होता. त्यातली प्रत्येक पाठ तिनं बघितली. पलीकडे एक बस सुटत होती. तिच्या खिडक्यांतून चेहरे भराभर गेले, एकही नीट दिसला नाही.

ती तशीच उभी राहिली. मग परत आली. हात कोरडे झाले होते.

"भेटली?" धाकटीनं विचारलं.

थोरलीनं नकारार्थी मान हलवली.

"आली म्हणजे येईल परत," धाकटी म्हणाली. लगेच स्वतःलाच न पटल्यासारखं म्हणाली, "किंवा नाही येणार. मला काय माहीत." आणि खुर्चीतल्या मुलीच्या डोक्याकडे बोट केलं. "ये, ही बट धर घट्ट. नाहीतर सगळं सुटेल."

थोरलीनं बट धरली. डोळे मात्र काचेबाहेरच होते.